घड्याळ नाडी मोजतं, गाठ नाही

नातेवाइकांच्या ग्रुपवर काकांनी परवा एक मेसेज टाकला. थोड्याफार फरकाने तो तुमच्याकडेही आला असेल: "स्मार्टवॉच आता लक्षणं दिसण्याआधीच कॅन्सर ओळखतं. केमो चालू असलेल्यांनी ते हातात घातलं की ताप, इन्फेक्शन आधीच कळतं. रोज १०,००० पावलं चाला, केमो आपोआप झेपेल. सगळी माहिती थेट डॉक्टरांना जाते, हॉस्पिटलच्या फेऱ्या बंद." खाली हात जोडलेले, आणि जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवण्याची विनंती.

धडधडीत थाप असती तर सोडून दिलं असतं. पण यात खऱ्याचा अंश मिसळलाय, आणि घात तोच करतो.

"लक्षणांआधीच कॅन्सर ओळखतं." नाही ओळखत. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. त्याचा प्रकाश कातडीत शिरतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून नाडी काढतात. दुसरा सेन्सर हालचाल टिपतो. पावलं त्यावरूनच मोजली जातात, आणि झोपेचा अंदाजही मुख्यतः हालचाल आणि नाडी यांवरून बांधलेला. यात गाठ कुठे दिसणार? तिच्यासाठी स्कॅन आणि बायोप्सी लागतेच. गोंधळ बहुधा हृदयाच्या बातम्यांमुळे झाला असावा. अ‍ॅपलच्या घड्याळावर ४,१९,२९७ लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, पण तो अनियमित नाडीबद्दल होता. तो बिघाड नाडीतच दिसतो, म्हणून घड्याळाला सापडतो. (सुई न टोचता साखर मोजणाऱ्या घड्याळांचीही अशीच हवा झाली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएला, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेला, त्यांच्यापासून सावध राहा असं जाहीर सांगावं लागलं.)

"ताप, इन्फेक्शन आधीच कळतं." या वाक्यापायी एखाद्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून इथे जरा थांबतो.

केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशींचे काउंट तळाला जातात. तेव्हा ताप हेच बऱ्याचदा इन्फेक्शनचं पहिलं लक्षण असतं, कधीकधी एकमेव. पू नाही, फारशी सूज नाही, कारण ते घडवून आणणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. एकदाच ३८.३ अंश सेल्सिअस आला, किंवा ३८ तासभर टिकला, की रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं. पोहोचल्यावर तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जावा असा दंडक आहे.

घड्याळ काय करतं? ते मनगटाच्या कातडीचं तापमान घेतं, तेही बऱ्याच मॉडेलमध्ये फक्त झोपेत, आणि तुमच्याच सरासरीपेक्षा किती वरखाली एवढं दाखवतं. त्यात ताप चढताना हुडहुडी भरते तेव्हा हातपाय गार पडतात. आत ताप चढतोय आणि मनगट थंड! नाडी वाढलेली दिसेल, हे खरं. पण ती तापाने वाढते, अंगातलं पाणी कमी झाल्याने वाढते, हिमोग्लोबिन उतरल्याने, घाबरल्याने, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली तरी वाढते. काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. काय, ते नाही.

मावशीच्या आजारपणात आणखी एक गोष्ट पाहिली. केमोच्या तिसऱ्या फेरीपर्यंत तिचं मनगट इतकं बारीक झालं की पट्टा दोन भोकं आत घेऊनही घड्याळ गोल फिरायचं. कातडीपासून सुटलं की त्याचे आकडे भरकटतात. एका दुपारी ती स्वस्थ पडून होती आणि घड्याळ नाडी १४८ दाखवत होतं. बोटांनी मोजली तर ९२. वजन घटतंय हे घड्याळाने कधीच सांगितलं नाही, पट्ट्याच्या भोकांनी सांगितलं.

"रोज १०,००० पावलं." हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. केमोशी त्याचा काडीचा संबंध नाही. उपचारादरम्यान व्यायाम चांगला, हे मात्र खरं. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या 'आस्को' या संघटनेने २०२२ मध्ये तशी शिफारसही केली आहे. पण हाडांत कॅन्सर पसरलेला असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी विचारायचं. कमी पावलं पडणाऱ्यांना जास्त वेळा भरती व्हावं लागतं असं काही अभ्यासांत दिसलंय, पण तिथेही पावलं घटली म्हणून माणूस आजारी पडला, की आजारी होता म्हणून पावलं घटली? आणि केमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, त्या दिवशी तर आकडा फुगतोच. झोप उडते, माणूस रात्री घरभर फिरतो. स्वतःच्याच आधीच्या आठवड्याशी तुलना केली तर आकडा काही सांगतो: रोज ४,००० चालणारी बाई अचानक १,२०० वर आली, तर फोन करावा.

"सगळं थेट डॉक्टरांना जातं, फेऱ्या बंद." बहुतेक वेळा ते कंपनीच्या सर्व्हरवर जातं. हॉस्पिटलने तशी व्यवस्था उभी केली असेल आणि तुमचं नाव त्यात घातलं असेल, तरच कोणी पाहतं. ज्या प्रयोगाचे गोडवे सगळे गातात, त्यात तर घड्याळ नव्हतंच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये कॅन्सर पसरलेल्या ७६६ रुग्णांपैकी काहींनी आपला त्रास ऑनलाइन प्रश्नावलीत नियमित नोंदवला, आणि तो वाढला की नर्सला ईमेल जायचा. २०१७ मध्ये निकाल आला: नोंदवणाऱ्यांत जगण्याचा मध्यक (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले असा काळ) ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीत २६. नंतरच्या १,१९१ रुग्णांच्या मोठ्या प्रयोगात जगण्याच्या काळातला हा फरक दिसला नाही. हिंडण्याफिरण्याची ताकद आणि रोजचं जगणं मात्र सुधारलं. दोन्हीकडे रुग्णाला विचारलं जात होतं आणि उत्तर वाचायला माणूस होता.

शिवाय सगळ्यात वाईट दिवशी घड्याळ चार्जिंगलाच पडलेलं असतं. उलट्या होत असताना ते कोण घालणार? त्या दिवसाची नोंद कोरी, आणि अ‍ॅपला वाटतं सुट्टी होती. फोनचंही तेच. कॅपेसिटाबीन या केमोच्या गोळ्यांनी काहींच्या बोटांची कातडी इतकी सोलवटते की ठसेच पुसले जातात. ठसे उमटेनात म्हणून अशा एका रुग्णाला अमेरिकेच्या विमानतळावर चार तास अडवून ठेवल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. त्या बोटाने फोन उघडणार कसा? आणि काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर त्या हातावर घट्ट पट्टा नको, घड्याळ दुसऱ्या हातात.

घड्याळ काढून फेका असं मी म्हणत नाही. मावशी शेवटपर्यंत घालायची, आवडायचं तिला. काकांना मी उत्तरात एवढंच विचारलं, "घरात थर्मामीटर आहे का?"

दोन तासांनी उत्तर आलं: "होता. शोधतो."