किल्ली माझ्याकडे असते

शेजारच्या घराची किल्ली आमच्या देवघराबाहेरच्या खिळ्याला असते. काल उघडून खिडक्या मोकळ्या केल्या. बाल्कांवभर, म्हणजे बाहेरच्या ओसरीभर, वटवाघळांची घाण, आत खुर्च्यांवर चादरी. घरचा थोरला मुलगा ब्रिटनमध्ये स्विंडनला, बाप गेला, आई मडगावला लेकीकडे.

सीमा आवळल्या की माणसं यायची थांबतात, असं टीव्हीवर कोणी म्हटलं की मला हे घर आठवतं.

19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं, हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत. त्या पासपोर्टवर तेव्हा ब्रिटनमध्ये व्हिसाशिवाय राहता आणि काम करता यायचं. थोरल्याची कळंगुटला हॉटेलात बरी नोकरी होती, जायचं डोक्यातही नव्हतं. 2016 ला ब्रिटनने ब्रेक्झिटचा कौल दिला आणि वाड्यावर एकच धावपळ. 2020 संपलं की दार बंद! 'आतां ना जाल्यार केन्नाच ना,' आता नाही तर कधीच नाही, म्हणत 2019 मध्ये तोही गेला. दार उघडं राहतं तर गेला असता का, मला शंका आहे.

आणि गेला तो अडकला. ब्रिटनमध्ये राहायचा तात्पुरता दर्जा पक्का व्हायला पाच वर्षं सलग राहायला हवं होतं. त्या वेळच्या नियमाने बारा महिन्यांत सहाहून जास्त बाहेर काढले तर पंचाईत. बाप आजारी असताना आला तो कॅलेंडरवर दिवस मोजत. भारतीय नागरिकत्व तर पोर्तुगीज झाल्याबरोबरच गेलेलं, त्यामुळे मागे फिरणंही सोपं नाही.

आमचे तारवटी, बोटीवर नोकरी करणारे, बघा. आठ-नऊ महिने बोटीवर, मग गावात, चवथ-फेस्त करून पुन्हा बोटीवर. परत जाता येतं याची खात्री असते, म्हणून तर ते घरी येतात. जर्मनीने 1973 मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबवली तेव्हा याच्या उलट घडलं. गेलो तर पुन्हा घेणार नाहीत, म्हणून कितीतरी तुर्की कामगार तिथेच राहिले आणि बायकामुलांनाही बोलावून घेतलं. पाहुणा म्हणून आणलेला माणूस सरकारनेच घरचा केला. (आपल्याकडे तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.)

आता समोरच्या पोराची फाईल लिस्बनला पडलीय. केअरगिव्हरच्या कोर्सचे पैसे भरून बसला होता, पण 22 जुलै 2025 पासून ब्रिटनने त्या कामासाठी बाहेरून नवी भरती बंद केली. मग काय, आता घरी आयर्लंडचं नाव निघतं. पोर्तुगीज पासपोर्टवर तिथं व्हिसा लागत नाही.

त्याची आई काल विचारत होती, घराकडे लक्ष ठेवशील ना. दुसरा खिळा ठोकून ठेवलाय.