मॅडम, पी व्हॅल्यू तेवढी खाली आणून द्या

"मॅडम, पी व्हॅल्यू तेवढी पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली आणून द्या ना, गाइड सही करत नाहीयेत."

नागपुरात एमडी-एमएसच्या थिसिसचं स्टॅटिस्टिक्स करून देणाऱ्या कोणालाही विचारा, हे वाक्य पाठ असेल. सबमिशनचे दिवस आले की बर्डीवरच्या बाइंडिंगच्या दुकानांत काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं छापायची घाई सुरू होते आणि आमच्याकडे हा जप. पोरं वाईट नसतात हो. रात्रभर कॅज्युअल्टी करून, डोळे तांबारलेले, लॅपटॉप उघडून बसतात. आपण काही गैर मागतोय हे त्यांच्या गावीही नसतं. काहून असेल? कारण त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. खरं तर पी व्हॅल्यू म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या खाली गेली की निकाल 'सिग्निफिकंट' मानायचा प्रघात. पण त्यांच्या लेखी पी व्हॅल्यू म्हणजे रिपोर्टवरचा शिक्का. तो बसला की थिसिस पास.

आणि ती खाली आणायला एकही खोटा आकडा टाकावा लागत नाही, हीच खरी गोम आहे. सगळ्या रुग्णांत फरक दिसत नाही? फक्त बायकांत बघा. नाही? पन्नाशीच्या वरच्यांत बघा. सहा महिन्यांचा फॉलोअप सोडा, तीन महिन्यांचा घ्या. ते दोन पेशंट फारच वेगळे आहेत, त्यांना वगळा. यातलं प्रत्येक पाऊल सुटं घेतलं तर त्याला कारण देता येतं. पण औषधाचा काडीचाही परिणाम नसताना तुम्ही अशा २० स्वतंत्र तुलना केल्यात, तर निदान एक तरी ०.०५ च्या खाली निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. मग थिसिसमध्ये ती एकच छापायची, उरलेल्या १९ चा उल्लेख नाही. वाचणाऱ्याला कळणार कसं?

हे फक्त आपल्याकडेच चालतं, असं म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांसाठी दोन आकडे. २०१२ साली अ‍ॅमजेन या अमेरिकी औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की कॅन्सरवरच्या ५३ गाजलेल्या संशोधनांची त्यांनी पडताळणी केली तेव्हा फक्त ६ निष्कर्ष टिकले. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ पेपरांपैकी ९७ टक्क्यांत निकाल 'सिग्निफिकंट' होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांवर आला. हे सगळे लबाड होते का? मुळीच नाही. बऱ्याच जणांनी बहुधा तेच केलं जे माझ्यासमोर बसलेलं पोरगं मागतं, फक्त जास्त सफाईनं.

आपल्याकडे यावर उपाय काय, तर मजकुराची चोरी पकडणारा प्लॅगिॲरिझम चेक. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०१८ चे नियम आहेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, त्यावर पायऱ्या, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. चांगलंच आहे, चोरी पकडलीच पाहिजे. पण त्यातून झालं असं, की पोरं दोन-दोन आठवडे 'परसेंटेज' उतरवण्यात घालवतात. 'रुग्णांची निवड केली' चं 'आजारी व्यक्ती निवडण्यात आल्या' करतात. आणि ज्या एक्सेल शीटवर अख्खा थिसिस उभा आहे, ती शीट कोणीच मागत नाही. गाइड मागत नाहीत, परीक्षक मागत नाहीत, लायब्ररी तर नाहीच.

ती शीट बघाच एकदा. वयाच्या कॉलममध्ये कुठे '४५', कुठे '४५ वर्षे', कुठे जन्मतारीख. हिमोग्लोबिन ११२, म्हणजे ११.२ मधला टिंब गेला आणि सरासरी आभाळाला भिडली. 'पुरुष' चार स्पेलिंगांत, त्यामुळे सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं चार लिंगं. रिकामा चौकोन म्हणजे तपासणी झाली नाही, की निकाल शून्य आला? ते फक्त भरणाऱ्यालाच ठाऊक, आणि त्यालाही आता आठवत नाही. (मोठमोठ्यांचंही असंच. 'सेप्ट-२' आणि 'मार्च-१' अशा नावांच्या जनुकांना एक्सेल परस्पर तारखा करून टाकायचं. इतक्या पेपरांत ही चूक शिरली, की शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलावी लागली. तेव्हा एक्सेल नाही बदललं, जनुकांची नावं बदलली!)

माझं पहिलं म्हणणं साधं आहे: आकडे बघण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. मुख्य निकष कोणता, रुग्ण किती, कोणती टेस्ट, कोणाला वगळणार. तारखेसकट. नंतर बदल करावासा वाटला तर जरूर करा, पण 'हे नंतर सुचलं' असं लिहा.

याचा फरक पडतो का? पडतो. अमेरिकेत हृदयविकारावरच्या सरकारी पैशातल्या मोठ्या चाचण्यांचा हिशेब २०१५ मध्ये छापून आला. २००० सालाआधीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतर मुख्य निकष आधीच नोंदवण्याची पद्धत आली, आणि २५ पैकी फक्त २ चाचण्यांत फायदा निघाला. एवढ्यात औषधं काही बिघडली नव्हती. निकाल बघून निकष निवडायची सोय गेली होती.

आपल्याकडेही क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे रुग्णांवरच्या उपचार-चाचणीची, नोंदणी २००७ पासून आहे, २००९ पासून सक्तीची, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. त्या फॉर्मात 'हा पीजी थिसिस आहे का' असा रकानासुद्धा आहे. म्हणजे दार उघडं आहे. पण बहुतेक थिसिस ट्रायल नसतात, निरीक्षणं असतात, आणि त्यांच्यासाठी सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आधी दिलेला आराखडा, हाच काय तो आधीचा कागद. तो एकदा एथिक्स कमिटीतून पास झाला की फाइलबंद. शेवटी परीक्षकाच्या टेबलावर थिसिस आणि सिनॉप्सिस शेजारी-शेजारी ठेवून 'हे ठरलं होतं, हे का बदललं?' असं विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

दुसरी गोष्ट पडताळणीची. कापसाच्या या मुलखात बीएन बीटी हे बोंडअळीला तोंड देणारं कापसाचं वाण विसरता येत नाही. आपली केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी सरकारी बीटी वाण काढलं. सरळ वाण, म्हणजे शेतकऱ्याला घरचं बी ठेवता येणार, दरसाल पाकीट घ्यायची गरज नाही. केवढी आशा होती! २००९ मध्ये ते शेतात गेलं आणि लगेच मागे घ्यावं लागलं, कारण त्यात मोन्सॅन्टो या अमेरिकी बियाणं कंपनीच्याच जनुकाचा अंश सापडला. सुधीर सोपोरी यांच्या चौकशी समितीचा अहवाल यायला २०१२ उजाडलं. दोष कोणाचा यावर पुष्कळ लिहून झालंय, मी त्यात पडत नाही. माझा प्रश्न साधा आहे. बी शेतकऱ्याच्या हाती पडण्याआधी दुसऱ्या कुठल्या तरी प्रयोगशाळेनं, ज्यांचा त्यात काही लागाबांधा नाही अशांनी, ते तपासलं असतं तर?

ही कल्पना परदेशी नाही. आपले संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस बंगालमधल्या पिकांच्या पाहणीत एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि दोन वेगळ्या तुकड्यांना पाठवायचे. दोघांच्या आकड्यांत जो फरक पडेल, तो बघून पाहणीवर किती विसंबायचं ते कळे. चूक होणारच, हे धरूनच त्यांनी कामाची आखणी केली होती. आज आपण दुसऱ्यानं केलेलं काम पुन्हा करायला निघालो, की व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न येतो, "यात नवीन काय?"

या प्रश्नानं जेवढं नुकसान केलंय तेवढं कॉपी-पेस्टनंही केलं नसेल. नवीन दाखवायच्या नादात प्रत्येक जण ५०-६० रुग्णांवर आपली वेगळी चूल मांडतो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियातून रुग्ण मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत येतात, आणि हा विषय पोरांच्या आवडीचा आहे. पण एकानं मोजलं क्रायसिस, म्हणजे असह्य वेदनांचे झटके, वर्षातून किती, दुसऱ्यानं मोजले अ‍ॅडमिशनचे दिवस, तिसऱ्यानं फक्त हिमोग्लोबिन. ही तीन कामं एकत्र जोडताच येत नाहीत. त्याऐवजी विदर्भातल्या पाच कॉलेजांतल्या पाच पोरांनी एकच प्रोटोकॉल घेतला, प्रत्येकी ६० रुग्ण पाहिले, तर ३०० रुग्णांचं एक काम उभं राहील आणि पाच जणांनी एकमेकांना तपासलेलंही असेल. पाचही जणांना थिसिसचे मार्क द्या की! काय अडलंय?

अडलंय ते मला माहीत आहे. गाइडला प्रमोशनसाठी स्वतःच्या नावाचा पेपर लागतो, विद्यापीठाला 'ओरिजिनल' हवं असतं, आणि पाच विभागप्रमुखांना एका टेबलाशी बसवणं हे ३०० रुग्ण गोळा करण्यापेक्षा अवघड. तिसऱ्यावर माझ्याकडे उपाय नाही.

पण सिनॉप्सिसच्या शेवटी आधी ठरवलेल्या या गोष्टींचं (निकष, रुग्ण, टेस्ट, कोणाला वगळणार) एक पान जोडणं आणि सबमिशनच्या वेळी पीडीएफबरोबर रुग्णाचं नाव-पत्ता काढलेली एक्सेल शीट मागणं, याला कोणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. एक विभागप्रमुख स्वतःच्या विभागापुरतं उद्यापासून करू शकतो. त्या पानाचा मसुदा मी तयार केलाय, मराठी-इंग्रजी दोन्हीत. ज्या गाइडना हवा असेल त्यांनी मेसेज करा. फी नाही.