दुधाचा खाडा

दर जानेवारीत नवी डायरी घ्यायची आणि संक्रांत उलटली की तिच्यात इस्त्रीवाल्याचा हिशोब लिहायचा, हा माझा कित्येक वर्षांचा नेम. एक दिवस चुकला की कोरं पान दिसायचं, त्याची लाज वाटायची, आणि डायरी ड्रॉवरमध्ये जायची.

गेल्या वर्षी चहा उकळेपर्यंत आईचं कालनिर्णय बघत उभा होतो. (आम्ही इंदूरचे, लोकमान्यनगरातले.) चौकोनाचौकोनात बारीक अक्षर: १ लि., दीड, १ लि., मध्येच 'खाडा'. दूधवाले भैया त्याला 'नागा' म्हणतात, महिनाअखेरचा हिशोब मात्र दोघांचा जुळतो. खाडा पडला म्हणून आईने दूधच बंद केलं, असं कधी झालं नाही.

'२१ दिवसांत सवय लागते' हे मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणावरून पसरलं. पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण. त्यातला 'निदान' पुढे गळाला! लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही दिसलं. म्हणजे खाडा चालतो.

आता रात्री ओटा पुसून झाला की आईच्या पेनने त्याच कालनिर्णयावर उद्याची कामं लिहितो. चौकोन एवढासा, तीनच्या वर कामं मावत नाहीत, हे उत्तमच. मोबाइलमधली अ‍ॅप्स करून पाहिली. प्लॅनिंगला फोन उघडायचा आणि अर्ध्या तासाने कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो बघत असायचो.

मुख्य चूक वेगळीच होती. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. मी मात्र पाण्याच्या दिवशीही 'सकाळी ६ ते ७ व्यायाम' लिहायचो. सहा ते सात मी मोटारीपाशी! आता आधी नळ आणि कचरागाडी धरतो, मग उरलेल्या वेळात कामं बसवतो. बँकेच्या कामाला अर्धा तास वाटला तर दीड लिहितो. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्येच लिहून ठेवलंय की कामाला लागणारा वेळ माणूस कमीच धरतो. बँकेच्या रांगेत ते मलाही पटलं.

परवा पुण्याहून मावसभाऊ आला. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस, गराडू, मग जलेबा. घरी यायला एक वाजला. सकाळी पाहिलं तर माझ्या कोऱ्या चौकोनात आईनेच लिहून ठेवलं होतं: खाडा.