ब्लाउजचं माप वजनकाट्यावर घेतात का?

31 वर्षं ब्लाउज शिवतेय मी. डोंबिवलीत, घरातच मशीन आहे. इतक्या वर्षांत एकाही बाईला माप घ्यायला वजनकाट्यावर उभं केलेलं नाही. 60 किलोच्या दोघीजणी शेजारी उभ्या करा, एकीचा दंड 11 इंच भरेल आणि दुसरीचा 14. मग बाळाच्या डायपरचं माप तेवढं किलोत कसं काय? पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरी सध्या रात्री दोन वाजता चादरी बदलायचा कार्यक्रम चालू आहे त्यांनी वाचा, बाकीच्यांनी खुशाल पुढे सरका.

झालं असं की सून कामावर रुजू झाली आणि नातू दिवसभर माझ्या ताब्यात आला. आठ महिन्यांचा, साडेनऊ किलोचा गुटगुटीत ऐवज. दिवसा फारसं काही नाही, पण रात्री हमखास डायपर गळायचा. दुपटं ओलं, झबलं ओलं, खालची गोधडी ओली, आणि बाळराजे थंडी वाजून किंचाळत उठलेले. सून सकाळी 7.42 ची लोकल पकडणारी. एका रात्री तिसऱ्यांदा चादर काढताना ती पलंगाच्या कडेला बसून रडायलाच लागली. मुलगा म्हणाला, "कंपनीच फालतू आहे, बदलू." बदलली. मग आणखी एक बदलली. तीन कंपन्यांचे फोडलेले पुडे दिवाणाखाली आणि गळती होती तिथेच. सुनेची आई फोनवर रोज एकच सांगायची, "आमच्या वेळी लंगोट होते, असले त्रास नव्हते."

विहीणबाईंचा मान राखून सांगते, होते. लंगोट तर गळायचाच! पण गळला की लगेच कळायचं आणि लगेच बदलला जायचा, म्हणून त्याला कुणी गळती म्हणत नव्हतं इतकंच. पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर बाळोती वाळायची आणि आमटीला त्यांचा वास यायचा, हे मी विसरलेले नाही. एक गोष्ट मात्र लंगोटाची खरी. तो दर वेळी नव्याने बांधायचा असायचा, त्या दिवशीच्या पोटावर, त्या दिवशीच्या मांडीवर. गाठ सैल-घट्ट करणं आपल्या हातात होतं. डायपरमध्ये ती गाठ कारखान्यातच मारून येते. म्हणून माप चुकलं की सगळंच चुकलं.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी तो झोपल्यावर मी चष्मा लावला, टेप घेतली आणि मापं घेतली. मांडीचा घेर पावणेबारा इंच, पोट साडेसतरा. मग खालच्या मजल्यावरच्या चिमुरडीची घेतली. ती चौदा महिन्यांची, चालते, वजन जवळजवळ आमच्याएवढंच. मांडी 10 इंच! लांब, सडपातळ पोर. तिला एम एकदम चापूनचोपून बसतो, रात्रभर थेंब बाहेर नाही. आमच्या पैलवानाला तोच एम मांडीला करकचून आणि कमरेला खाली ओढलेला. आता पुड्यावर बघा काय लिहिलंय. माझ्या हातातल्या पुड्यावर एम 7 ते 12 किलो, एल 9 ते 14 किलो. म्हणजे 9 ते 12 किलोचं बाळ दोन्हीत बसतं असं कंपनीच सांगतेय. मग ठरवायचं कशावर? मांडीवर आणि पोटावर. पण ते पुड्यावर लिहीत नाहीत, आणि आपण 12 किलो होईपर्यंत एम ओढत राहतो.

ओढत राहण्याचं खरं कारण मला माहीत आहे. मोठ्या मापात तेवढ्याच पैशात नग कमी येतात. त्यात आमच्या चिरंजीवांनी ऑनलाइन सेलमध्ये एमचे तीन मोठे पुडे एकदम मागवून ठेवलेले. "संपवू आधी हे" असं म्हणत आम्ही रोज चादरी धुत होतो. साबण, पाणी, वीज आणि सुनेची झोप यांचा हिशेब कुणी धरलाच नाही.

लहान पडतोय हे ओळखायला टेपसुद्धा लागत नाही. काढल्यावर मांडीला आणि कमरेला लाल वळ उठलेले असतील आणि ते जरा वेळाने जात नसतील, पाठीमागून बुडाची घळ वर डोकावत असेल, किंवा चिकटपट्टीवाला डायपर असेल आणि पट्ट्या जेमतेम कडेला पोहोचत असतील, तर माप वाढवा. उलट जांघेत फट दिसत असेल, पट्ट्या एकमेकींवर चढत असतील, तर मोठा होतोय. पोटावर दोन बोटं आरामात सरकली पाहिजेत, पंजा नाही. नवजात बाळाची नाळ पडेपर्यंत पुढची कड बेंबीच्या खाली दुमडून घ्यायची, हे वेगळं.

आता माझ्या आवडीचा भाग. मी एक नवाकोरा डायपर कात्रीने उसवला. (सून घरी नव्हती. असती तर ओरडली असती.) आत कापसासारखा लगदा आणि त्यात साखरेसारखे बारीक दाणे. साधं पाणी ओतलं तर दाणे भिजवलेल्या सब्जासारखे टपोरे फुगून बसले. दुसऱ्या वाटीत मीठ घातलेलं पाणी ओतलं, तर तेच दाणे कितीतरी कमी फुगले. शू खारटच असते. म्हणजे जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात तेवढं काही घरी होणार नाही. शिवाय दाण्यांना पिऊन घ्यायला थोडा अवधी लागतो, आणि बाळ काही थेंब थेंब करत नाही, एकदम धार सोडतं. तेवढ्या अवधीत पाणी कुठेतरी थोपवून धरायला हवं ना?

त्यासाठीच आतल्या बाजूला मांडीपाशी दोन उभ्या झालरी असतात, बारीक इलॅस्टिक घातलेल्या. शेताच्या बांधासारखं त्यांचं काम. आणि आपण डायपर घाईघाईने वर ओढतो तेव्हा नेमक्या ह्याच झालरी आत दुमडून चिरडल्या जातात. बांध फुटला, शू सरळ मांडीवरून खाली. ब्लाउजला अस्तर आतून गोळा झालं तर वरून कितीही इस्त्री करा, काय उपयोग? आमच्या घरी निम्मी गळती ह्याच एका गोष्टीने होत होती. आता डायपर चढवला की दोन्ही जांघांतून एक एक बोट फिरवायचं आणि झालर उभी करायची. चार सेकंदांचं काम. मुलाला शिकवायला मात्र चार दिवस लागले.

आणि समईतली वात आठवते? तेलात एक टोक, बाहेर दुसरं. झबल्याचं टोक डायपरच्या आत अडकलं की अगदी तेच होतं. डायपर अर्धा कोरडा आणि झबलं गळ्यापर्यंत ओलं. आपल्याला वाटतं डायपर गळला. काही आज्या "बरं असतं" म्हणून डायपरच्या आत लंगोट घालतात, तेही नको. कापड ओलं राहतं आणि थेट कातडीला चिकटतं. वरून करकचून घट्ट लेगिंग घातली तरी भरलेला डायपर दाबला जाऊन कडेने सुटतो.

म्हणून मी सुनेला सांगितलं, कंपनी बदलायच्या आधी ओल कुठे आहे ते बघ. मांडीशी ओलं, तर झालर किंवा माप. पोटावर, बेंबीपाशी ओलं आणि मुलगा असेल, तर त्याची नुन्नी वर राहिलीय, डायपर लावताना खाली वळवायची. (हसू नका. ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती आणि मुलग्यांच्या घरात निम्मं दुखणं इथेच असतं.) पाठीवर पिवळी पातळ शी चढली, तर डायपर मागून खाली बसलाय किंवा लहान पडतोय, मागची कड पुढच्यापेक्षा जरा वर घ्यायची. कुशीवर झोपणाऱ्याचं त्या कुशीच्या बाजूला ओलं होतं. ब्लाउजला कुठे चुण्या पडतात त्यावरून कळतं ना शिवण कुठे चुकलीय? तसंच.

सून फोनवर काही तरी वाचत होती आणि एकदम म्हणाली, "आई, हे तुमच्याच लाइनमधलं आहे." अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाची एक बाई होती. बाळाच्या ओल्या कपड्यांना कंटाळून तिने न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा कापला, शिलाई मशीनवर बसली आणि लंगोटावरून घालायचं आवरण शिवलं. सेफ्टी पिनांऐवजी टिचबटणं लावली. 1951 मध्ये तिला त्याचं पेटंट मिळालं. मशीनवर बसलेल्या बाईनेच हे सोडवलं याचं मला काडीचं आश्चर्य वाटलं नाही.

रात्रीसाठी आमचं आता असं ठरलंय. झोपवायच्या अगदी आधी नवा डायपर, एल मापाचा. दिवसा तीन-चार तासांनी बदलायचाच, शी झाली तर तेव्हाच. आठ-आठ तास ठेवून गळला म्हणून कुणी तक्रार करू नये, बादलीसुद्धा भरून वाहते. रोज तासभर तरी उघडं सोडते त्याला, खाली रबरी शीट घालून. पावडर बंद केली. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळा देते, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाताला लागू नये म्हणून. हे पुण्यात बहिणीकडे पाहिलं होतं.

गोधडी गेले 19 दिवस कोरडी आहे. एका रात्री पुन्हा ओली दिसली तेव्हा मुलगा लगेच फोन घेऊन कंपनी शोधायला बसला. ती दुधाची बाटली सांडली होती.

आता मुद्द्याचं. सेलमधल्या त्या तीनपैकी एमचे दोन पुडे न फोडलेले पडून आहेत. ऑनलाइनवाले परत घ्यायची मुदत संपली म्हणाले. डोंबिवली पूर्वेत कुणाला हवे असतील तर इनबॉक्समध्ये सांगा, पैसे नकोत. बाळाचं वजन कळवू नका, मांडीचा घेर कळवा. टेप नसेल तर माझ्याकडे आहे.