माझा ब्रेक लिव्हर परत करा

मोटरसायकल रेसला वीस मिनिटं राहिली होती आणि टीमने माझ्या गाडीचा हँडलवरचा ब्रेक लिव्हर खोलून माझ्या टीममेटच्या गाडीला लावला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही! सकाळच्या सरावात पडला तो, लिव्हर वाकला त्याचा, आणि स्पेअर त्याने आदल्या दिवशीच संपवलेला. मग माझ्या गाडीवर हात टाकला. त्याचा वाकडा लिव्हर हाताने सरळ करून मला बसवून दिला आणि वर "चालतंय रे, काढ आजचा दिवस."

काढला दिवस. लिव्हर ग्रिपच्या इतका जवळ येत होता की जोरात ब्रेक मारला की मागची दोन बोटं मध्ये चेमटायची. प्रत्येक वळणाला. संध्याकाळी ग्लोव्ह काढला तर करंगळी काळीनिळी. आणि मॅनेजर स्टॉपवॉच दाखवून विचारतो, "तू ब्रेकिंगमध्ये एवढा मागे का पडतोस?"

डोकं फिरणार नाही तर काय होईल?

क्वालिफाइंगचंही तेच, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या लॅपचं. आमच्या १६५ सीसीच्या गाड्यांना ताकद बेताची. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, ३.७ किलोमीटरच्या लॅपमध्ये, स्ट्रेटला पुढच्याच्या मागे चिकटून गेलं की हवा तो कापतो आणि वेग आपल्याला मिळतो. मग हवा कापायची कुणी? मीच! दरवेळी! "त्याला टो दे, म्हणजे पुढे राहून ओढून ने, नंतर तुलाही देऊ." ते नंतर अजून आलेलं नाही. त्याचा लॅप लागला की तो सरळ पिटमध्ये. मी एकटा, झिजलेल्या टायरवर, कारण नवे टायर आधी त्याला आणि त्याने वापरून झालेले मला. ग्रिडवर तो पुढच्या रांगेत, मी तिसऱ्या.

पुण्याहून टेम्पोसोबत रात्रभर मी जातो, तो विमानाने येतो. तेही सोडा. कुणालातरी गाड्यांबरोबर जावंच लागतं. पण एन्ट्री फीचे अर्धे पैसे मी खिशातून भरतो हो! फुकट नाही आलेलो.

कुणी बोललं की लगेच मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल रेसिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचा दाखला देतात. २०१७ साली स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला डुकाटी टीमने आपल्या लोरेन्झोला त्याचा टीममेट डोव्हिझिओसोसाठी बाजूला व्हायला सांगितलं, तो झाला नाही, म्हणून लोरेन्झो स्वार्थी. अरे, डोव्हिझिओसो तेव्हा वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी लढत होता! मोसमाची शेवटची रेस होती. तेव्हा असा निरोप गेला तर मी समजू शकतो. शेवटी दोघंही पडले आणि टायटल होंडाच्या मार्केझला गेलं, ते वेगळं. आमच्याकडे पहिल्याच राउंडच्या पहिल्याच सरावापासून मी बाजूला. दोघांचे पॉइंट शून्य असताना! आणि लोरेन्झोच्या गाडीचा लिव्हर खोलून कुणी डोव्हिझिओसोला लावला नव्हता.

मला टीममेट म्हणून मदत करायला लाज नाही. चॅम्पियनशिप त्याच्या हाताशी आली असेल तर शेवटच्या लॅपला मी स्वतः वाट देईन, पिटमधून सूचनेचा बोर्ड दाखवायचीही गरज नाही. पण त्याचे उरलेले टायर, त्याचा वाकडा लिव्हर घेऊन मी पळायचं, आणि टाइमशीटवर मात्र आमची नावं एकाखाली एक लावून "बघ, सव्वा सेकंदाचा फरक आहे" म्हणायचं, हे मी आता ऐकून घेणार नाही. एकदा, फक्त एकदा, गाड्या बदलून पाच लॅप मारू द्या. मागितलं होतं मी. "टीमचं वातावरण बिघडवू नकोस" म्हणाले.

पुढचा राउंड तीन आठवड्यांवर आलाय. लिव्हर अजून त्याच्याच गाडीला आहे.