‘घडी मोडली की प्रथिन संपलं’? तपासून पाहू

एक दावा फार फिरतोय: ‘अश्रू, लाळ, दूध यांतली जंतुनाशक प्रथिनं भलतीच नाजूक. पोटात गेली की पचली, घडी मोडली की कामातून गेली.’ (घडी म्हणजे प्रथिनाची साखळी दुमडून तिला आलेला ठरावीक आकार.)

आधी ‘नाजूक’. पेनिसिलिनवाल्या अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२१ मध्ये शेंबडात सापडलेलं, जिवाणू फोडणारं लायसोझाइमच घ्या. माणसात ही १३० अमिनो आम्लांची साखळी असते. साखळीत एकमेकांपासून लांब असलेले सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) घडीमुळे शेजारी येतात आणि त्यांच्यातलं गंधक जुळून चार पक्के टाके पडतात. हे प्रथिन ७० अंश सेल्सिअसलाही घडी सोडत नाही.

‘पोटात पचतात’ म्हणणाऱ्यांनी गायीच्या पोटात डोकवावं. तिथल्या शेवटच्या, आम्लाच्या कप्प्यात लायसोझाइम मुद्दाम पाझरतं, कारण आधीच्या कप्प्यांतून आलेले जिवाणू तिथे फोडून पचवायचे असतात. ते आम्लात काम करतं आणि पेप्सिन या पोटातल्या पाचक विकरालाही सहजी दाद देत नाही. पानं खाणाऱ्या लंगुरांनी हीच युक्ती उत्क्रांतीत स्वतंत्रपणे साधली आहे. दुधातल्या लॅक्टोफेरिन या जंतुनाशक प्रथिनाला मात्र पेप्सिन कापतं, हे खरं. पण गायीच्या लॅक्टोफेरिनमधून त्या कापाकापीत २५ अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो, लॅक्टोफेरिसिन. अनेक जिवाणूंना तो अख्ख्या प्रथिनापेक्षा जास्त जहाल पडतो. याला ‘संपलं’ कसं म्हणायचं?

राहिली घडी. माणसातल्या एलएल-३७ या छोट्या जंतुनाशक प्रथिनाला पाण्यात ठरावीक आकारच नसतो. जिवाणूच्या पटलाला भिडल्यावर त्याचा पीळ बसतो. माणसातलं बीटा-डिफेन्सिन-१ हे जंतुनाशक प्रथिन तर बरीच वर्षं मवाळ गडी समजलं जायचं. त्याचे तिन्ही टाके उसवले की ते आतड्यातल्या काही जिवाणूंवर आणि कॅन्डिडा या बुरशीवर जास्त तुटून पडतं, हे २०११ मध्ये दिसलं.

म्हणून टाके शोभेचे आहेत असं नाही. उंदराच्या आतड्यातलं क्रिप्टडिन-४ हे डिफेन्सिन कुळातलंच प्रथिन तयार होताना मॅट्रिलायसिन हे विकर त्याच्या पुढचं टोपण तेवढं कापतं, मुख्य भागाला दात लावत नाही. टाके काढून टाका, तेच विकर त्याचे तुकडे पाडतं.

उष्णतेचा मुद्दा दाव्यात असता तर तो थोडा मान्य केला असता. मातेचं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवलं की त्यातल्या लॅक्टोफेरिनची बरीच हानी होते. पण ते तापमान शरीरातलं नाही, भांड्यातलं आहे.