किडनीची नुसती गाठ काढली की दुसरं ऑपरेशन ठरलेलंच?

कोकणातल्या गावांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. किडनीत गाठ निघाली तर पूर्ण किडनीच काढा. नुसती गाठ काढली की लघवी गळते, रक्त जातं आणि शेवटी दुसऱ्या ऑपरेशनात किडनी जातेच. गळती थांबवायला कुळथाचं कढण प्यावं, असंही खाली आहे.

लघवी गळू शकते, हे खरं. गाठ काढताना किडनीतली लघवीची वाट उघडी पडली तर ती शिवतात, तरी कधीकधी टाक्यांतून झिरपते. युरोपातल्या ५४१ रुग्णांच्या चाचणीत, नुसती गाठ काढलेल्यांपैकी ४.४ टक्क्यांना असं झालं. ऑपरेशनवेळी पोटात ठेवलेल्या नळीतून पाणी येणं थांबेना, की त्यातलं क्रिएटिनिन (लघवीतून बाहेर जाणारा टाकाऊ पदार्थ) तपासतात. रक्तातल्यापेक्षा खूप जास्त निघालं तर ती लघवीच. मग नळी आणखी काही दिवस ठेवतात, लागलंच तर डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून जाणारी बारीक नळी, घालतात. लघवीला खालची वाट मोकळी मिळाली की भोक बहुतेकदा आपसूक बुजतं. कुळीथ पिठीलाच बरे. स्टेंट मात्र वेळेवर काढून घ्या. विसरलात तर त्यावर खडे धरतात आणि दुसरं ऑपरेशन लागतं ते तेव्हा.

रक्ताची गोष्ट जास्त गंभीर. कापलेल्या जागी कधीकधी धमनीला फुगा धरतो आणि तो बऱ्याचदा एक ते तीन आठवड्यांत, म्हणजे माणूस घरी आल्यावर फुटतो. लघवी लालभडक, गुठळ्या, चक्कर. तेव्हा ‘उन्हाळी लागली’ म्हणत सब्जाचं पाणी पाजत बसू नका. जांघेतून बारीक नळी घालून धमनीची तेवढीच फांदी कॉइलने, म्हणजे तारेच्या बारीक वेटोळ्याने, बंद करतात, किडनी बहुधा वाचते. पण ही सोय तालुक्याच्या गावी नसते. सिंधुदुर्गातली माणसं मोठ्या उपचाराला गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात जातात, रत्नागिरीकडची आंबा घाट चढून कोल्हापूरला. म्हणून रात्री असं झालं तर कुठे न्यायचं आणि फोन कुणाला करायचा, हे डिस्चार्जच्या दिवशीच लिहून घ्या.

‘एका किडनीवर माणूस जगतो की!’ जगतो. त्याच चाचणीत नुसती गाठ काढलेले जास्त जगले, असंही दिसलं नाही. पण किडनी दान करणारे तपासून निवडलेले धडधाकट असतात. मधुमेह, बीपी असलेल्याची उरलेली किडनी पुढे थकली तर डायलिसिस आहेच. चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ असेल तर आधी किडनी वाचवण्याचाच विचार करतात. गाठ मोठी किंवा मुख्य शिरेत शिरलेली असेल, तर पूर्ण किडनी काढणंच बहुधा बरोबर.